पन्नाशी-साठीत पुन्हा रोड सायकलवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी कधीकाळी रोड सायकल मनापासून चालवली, मग नोकरी-संसारात ती सुटली आणि आता पुन्हा पाय शिवशिवतायत, त्यांच्यासाठी हे पान आहे. कधीच न चालवलेल्यांचे प्रश्न वेगळे असतात. नवखा मुळात जपूनच असतो. परतणाऱ्याची पंचाईत अशी की त्याला सगळं येत असतं. तोल पहिल्याच दिवशी परत मिळतो. दम दीड-दोन महिन्यांत बराच सुधारतो. स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा मात्र सहा-सहा महिने घेतात, कारण त्यांना रक्तपुरवठाच कमी. मी सत्तावन्नाव्या वर्षी परतलो तेव्हा हा क्रम मला ठाऊक नव्हता. खालची बरीचशी उत्तरं ती किंमत मोजूनच आली आहेत.

पंचवीस-तीस वर्षांचा खंड पडलाय. आता खरंच जमेल का?

जमेल. फ्रान्सचे रोबेर मार्शां यांनी तरुणपणी सायकल सोडली आणि साठी उलटल्यावर ती पुन्हा धरली. २०१२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी ट्रॅकवर एका तासात २४.२५ किलोमीटर कापले. दोन वर्षांनी तेच अंतर २६.९२७ किलोमीटर झालं, म्हणजे १०२ व्या वर्षी ते १०० व्या वर्षापेक्षा वेगवान होते. मधल्या काळात त्यांच्यावर अभ्यास झाला. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, जिला व्हीओटू मॅक्स म्हणतात, ती सुमारे १३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्यांचा सराव कसा होता ते जास्त कामाचं आहे: सुमारे ८० टक्के हलका आणि २० टक्के जोराचा.

तुमचा आलेख काही त्यांच्यासारखा असणार नाही, माझाही नाही. ही क्षमता तिशीनंतर दर दशकाला साधारण १० टक्क्यांनी घटते. नियमित व्यायाम असेल तर घट बरीच मंदावते. पण कोणत्याही वयात सराव सुरू केला की ती काही प्रमाणात वर येते.

डॉक्टरांना दाखवायलाच हवं का?

हो. विशेषतः रक्तदाब, मधुमेह, घरात हृदयविकाराचा इतिहास, आधीचं धूम्रपान यांपैकी काहीही असेल तर. जाताना "थोडी सायकल चालवणार आहे" असं मोघम सांगू नका. "चढावर पंधरा मिनिटं धाप लागेल इतकं चालवणार आहे" असं सांगा, म्हणजे डॉक्टर त्या हिशेबाने तपासतील. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पडल्यावर, विशेषतः डोक्याला मार लागल्यावर, काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. पुरुषांनी पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) करायची असेल तर आधीचे दोन दिवस सायकल टाळायला अनेक डॉक्टर सांगतात.

चालवताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक अनियमित धडधड किंवा नेहमीच्या चढावर न झेपणारा दम, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि लगेच मदत मागायची. "घरी जाऊन बघू" म्हणायचं नाही. असं दुखणं अंगावर काढण्यात मर्दुमकी नाही.

जुनी सायकल माळ्यावर आहे. तीच काढू का?

काढा, पण लगेच टांग मारू नका.

माझी खाली उतरवली तेव्हा फ्रेम चकचकीत होती, चाकं सरळ फिरत होती, भरलेली हवाही दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकली. मनात म्हटलं, झालं काम. हँडलची टेप तेवढी कळकट होती म्हणून सोलायला घेतली. ब्रेकच्या पकडीखाली ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमली होती. ती पुसली तर केसाएवढी रेघ दिसली. नख फिरवलं, नख अडकलं. तडा होता. वर्षानुवर्षांचा घाम टेपमधून झिरपत तिथे साचला होता. ॲल्युमिनियम वाकून इशारा देत नाही, थेट तुटतं. त्या हँडलवर मी एखाद्या उतारावर ब्रेक दाबला असता तर हे पान लिहायला कदाचित नसतो.

म्हणून टेप सोलून हँडल आणि स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बघणं पहिलं. शंका आली तर बदला. टायर बाहेरून ठीक दिसले तरी बाजू चिमटीत दाबून पाहा. बारीक भेगा उघडल्या तर तो टायर गेला. ब्रेकचे रबर इतक्या वर्षांत दगड होतात. केबल आणि तिचं आवरण दोन्ही नवीन घाला. चेनची झीज मोजायची पट्टी मिळते. ०.७५ टक्के ताणली गेली असेल तर चेन बदला. त्याहून जास्त झाली की मागचे दातेही बदलावे लागतात. सीटची दांडी हलते का पाहा. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची दांडी वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली की दोन धातू एकमेकांना धरून बसतात. हलली नाही तर हातोडी हातात घेऊ नका, मेकॅनिककडे न्या.

टायर घेताना एक खोड लक्षात ठेवा. जुन्या सायकलींना अनेकदा २७ इंची चाकं असत, आता सर्रास ७०० सी असतात. दिसायला सारखीच, पण रिमवर टायर जिथे बसतो तिथल्या व्यासात ८ मिलिमीटरचा फरक आहे. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

नवी घ्यायची तर इतक्या वर्षांत बदललंय काय?

बरंच, आणि गंमत म्हणजे बहुतेक बदल आपल्या वयाच्या फायद्याचे आहेत.

सगळ्यात मोठा फरक गिअरचा. पूर्वी पुढे ५२ आणि ४२ दात्यांच्या चकत्या, मागे सगळ्यात मोठी २३ किंवा २४ ची. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरलाही पेडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ पावणेचार मीटर पुढे ढकलावी लागे. आता पुढे ५० आणि ३४, मागे ३४ पर्यंत सहज मिळतं. ३४ ला ३४ लावलं की एका फेरीत दोन मीटरच्या थोडं वर. त्याच चढावर गुडघ्यावरचा भार किती उतरतो ते यावरून कळेल. दुकानदाराने "तुम्हाला एवढा हलका गिअर लागणार नाही" अशी स्तुती केली तरी भुलू नका.

गिअरची कळ फ्रेमच्या खालच्या नळीवर असे, ती १९९० च्या सुमारास ब्रेकच्या मुठीत येऊ लागली. हात हँडलवरून काढावा लागत नाही, हे खड्ड्यांच्या रस्त्यावर केवढं सुख आहे! डिस्क ब्रेकला हाताची ताकद कमी लागते आणि पावसात ते जास्त भरवशाचे, त्यामुळे बोटांत संधिवात असेल तर तेच घ्या.

टायरबाबत जुनी समजूत सोडा. आपल्या वेळी अरुंद आणि टणक टायर म्हणजे वेगवान असं पक्कं डोक्यात होतं. मीही २३ मिलिमीटरला ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरायचो. खडबडीत रस्त्यावर तो टायर उड्या मारतो आणि त्यात वेगही जातो, कंबरही. आता २८ ते ३२ मिलिमीटर सर्रास चालतात. पंच्याहत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७० ते ८० च्या आसपास हवा पुरते, ३२ मध्ये आणखी कमी. रिम 'हुकलेस', म्हणजे टायर अडकवायची आतली कड नसलेली, असेल तर मात्र ७२.५ पीएसआय ही वरची मर्यादा, ती ओलांडायची नाही. मी ही एक गोष्ट बदलली आणि मानेचं अर्धं दुखणं गेलं.

फ्रेम घेताना 'एन्ड्युरन्स' प्रकारची बघा. हँडल थोडं उंच आणि जवळ असतं. कार्बन की स्टील की ॲल्युमिनियम यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. तुमच्या मापाची असणं त्याहून महत्त्वाचं.

पहिल्या महिन्यांत किती चालवायची?

इथेच बहुतेक परतणारे घसरतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिले दोन आठवडे: आठवड्यातून तीनदा, अर्धा-पाऊण तास, सपाट रस्ता, मागून कुणी लागलं तरी वेग वाढवायचा नाही. त्यानंतर एकूण वेळ दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढवा आणि दर चौथ्या आठवड्यात थोडी कमी करा. किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. किलोमीटर मोजले की सरासरी वेग दिसतो, आणि तो दिसला की तिसाव्या वर्षीचा आकडा आठवतो.

सहाव्या ते दहाव्या आठवड्यात सावध राहा. तेव्हा दम परत आलेला असतो, पाय हलके वाटतात, "अरे, मी तर तोच आहे" असं वाटायला लागतं. नेमक्या त्याच वेळी गुडघ्याखालच्या आणि टाचेमागच्या कंडरा अजून कच्च्या असतात. मी नवव्या आठवड्यात एका रविवारी जुन्या ओळखीच्या चढावर उभं राहून पेडल मारत वर गेलो. वर पोचल्यावर काही दुखलं नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी जिना उतरताना गुडघ्याखाली सुई टोचल्यासारखं झालं आणि पुढचे सात आठवडे सायकल भिंतीला टेकून उभी होती. चढ संपला तेव्हा फुप्फुसं म्हणत होती अजून एकदा. गुडघ्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तिसरा महिना संपेपर्यंत चढावर बसूनच चालवा आणि जड गिअर टाळा. मिनिटाला पेडलच्या ७५ ते ९० फेऱ्या पडतील असा हलका गिअर ठेवा. त्यानंतर आठवड्यातून एक दिवस जोर लावा: तीन-चार मिनिटांचे तीन-चार टप्पे, मध्ये तेवढीच विश्रांती. बाकी सगळं हलकं. हलकं म्हणजे खरोखर हलकं, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं.

हृदयाचे ठोके किती असावेत?

२२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. साठीसाठी ते १६० देतं. २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे दुसरं सूत्र १६६ देतं. दोन्ही सरासऱ्या आहेत, आणि एखाद्याचा खरा आकडा दहा-बाराने सहज इकडेतिकडे असतो. तेव्हा घड्याळाने लाल रंग दाखवला म्हणून घाबरू नका आणि हिरवा दाखवला म्हणून निर्धास्त होऊ नका. बीटा-ब्लॉकर (ठोके मंद ठेवणारी) गोळी घेत असाल तर ठोके मुळात वरच जात नाहीत, त्यामुळे आकड्यांना अर्थ उरत नाही. बोलता येतंय का, हीच मोजपट्टी धरा.

गुडघा दुखतोय. सायकल सोडू का?

आधी सीटची उंची बघा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा वर. घरच्या घरी तपासायचं तर भिंतीला टेकून सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग नेहमीसारखा चवडा ठेवलात की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. बदल एका वेळी तीन-चार मिलिमीटरच करा आणि दोन-तीनदा चालवून बघा. तिसाव्या वर्षीचं माप तसंच्या तसं लावू नका; मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात, उंचीही किंचित कमी झालेली असू शकते.

सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा दोन आठवडे विश्रांती घेऊनही फरक नसेल तर तज्ज्ञांना दाखवा. नुसत्या झिजेच्या गुडघ्याला हलक्या गिअरची सायकल सहसा मानवते. गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनाही व्यायामाची स्थिर सायकल पुनर्वसनाचा भाग म्हणून देतातच.

हाताला मुंग्या येतात, मान धरते, आणि बसायची जागा... विचारूच नका.

विचारलंत ते बरं केलंत. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या कडेची नस दाबली जातेय. हँडलवर वजन जास्त पडतंय, म्हणजे ते लांब किंवा खाली आहे, नाहीतर सीटचं नाक पुढे झुकलंय. हँडल दोन सेंटिमीटर वर घ्या, कोपर सैल ठेवा, दर काही मिनिटांनी हात ठेवायची जागा बदला.

सीटबद्दल गैरसमज असा की मऊ असेल तितकी चांगली. जाड गादीत बसायची हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. त्या दोन हाडांमधलं अंतर मोजून त्या रुंदीची सीट घ्या. बायकांमध्ये हे अंतर सहसा थोडं जास्त असतं. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांचं हाडांचं दुखणं जातं. बधिरपणा मात्र कधीच चालवून घ्यायचा नाही, ना पुरुषांनी ना बायकांनी. चांगली पॅड असलेली चड्डी घ्या, आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका.

बुटाला क्लीट लावू का?

क्लीट म्हणजे बूट पेडलला अडकवणारा तळाचा तुकडा. पहिले तीन महिने साधी सपाट पेडल वापरा. पट्ट्यांची जुनी पेडल आठवत असतील तर क्लीट त्यापेक्षा सोपी आहेत, टाच बाहेर फिरवली की सुटतात. पण थांबताना ते आठवायला हवं. मी नाही आठवलं. थांबलेल्या गाड्यांच्या रांगेसमोर अगदी सावकाश, एका बाजूला, तोडलेल्या झाडासारखा आडवा झालो. शेजारच्या गाडीतल्या लहान मुलीने टाळ्या वाजवल्या.

लावायचीच असतील तर पाय थोडा हलू देणारी घ्या, सुटण्याचा ताण सगळ्यात सैल ठेवा आणि गवतावर पन्नास वेळा अडकवा-सोडवा. उतरत्या वयात खुब्यावर किंवा मनगटावर पडणं महागात जातं. सपाट पेडलवर आयुष्य काढलंत तरी काही बिघडत नाही.

चाळिशीच्या चष्म्याचं काय करायचं?

प्रोग्रेसिव्ह काचेत खालचा भाग जवळचं वाचायला असतो. पुढच्या चाकासमोरचा खड्डा नेमका त्या भागातून दिसतो, म्हणजे अंधूक. सायकलसाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करा आणि समोरच्या मीटरवर दोनच मोठे आकडे ठेवा. मानही पूर्वीइतकी मागे वळत नाही, तेव्हा छोटा आरसा लावा. जुने सायकलवाले आरशाला नाक मुरडतात, मुरडू देत.

आठवडाभर सायकल चालवली की बाकी व्यायामाची गरज नाही ना?

आहे. सायकलवर शरीराचा भार सीट उचलते, त्यामुळे हाडांना घट्ट राहण्याचं कारण मिळत नाही. वर्षानुवर्षं फक्त रोड सायकल चालवणाऱ्या खेळाडूंच्या मणक्यांची घनता कमी आढळते. रजोनिवृत्तीनंतर तर याकडे दुर्लक्ष करूच नये. आठवड्यातून दोनदा वजन उचला, उठाबशा काढा, चवड्यांवर उभे राहा, जिने चढा. दात घासताना एका पायावर उभं राहणं हा माझा रोजचा तोलाचा व्यायाम. घरचे हसतात.

पूर्वी दुसऱ्या दिवशी ताजातवाना असायचो. आता दोन दिवस मरगळ जात नाही.

वयाप्रमाणे भरपाई सावकाश होते, एवढंच. जोराच्या दोन दिवसांमध्ये दोन हलके दिवस ठेवा. स्नायू टिकवायला प्रथिनं तरुणपणापेक्षा थोडी जास्त लागतात, दिवसाला दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सकाळी उठल्यावरचे हृदयाचे ठोके नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त असतील तर त्या दिवशी सायकल पुसा, चालवू नका.

पाणी किती प्यावं?

वय वाढतं तशी तहानेची जाणीव कमी होते, म्हणून तहानेची वाट पाहू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट.

ग्रुपमध्ये मागे पडतो. लाज वाटते.

वाऱ्याआड चालवा. पुढच्याच्या मागे नीट राहिलात तर सपाटीवर पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात. ही विद्या तुम्हाला आधीच येते, पंचविशीतल्या पोरांना अजून यायचीय. पण पुढच्या चाकाला चाक भिडवून चालणं पहिले काही महिने नको, कारण हात ब्रेकपर्यंत जायला आता क्षणभर जास्त घेतो. चढावर सुटलात तर सुटा. वर थांबणारा ग्रुप असेल तर तो आपला, न थांबणारा असेल तर दुसरा शोधा.

इलेक्ट्रिक रोड सायकल घेतली तर फसवणूक होईल का?

कुणाची? युरोपीय नियमांतली मोटर २५० वॅटची असते, पेडल मारल्याशिवाय चालत नाही आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवते. म्हणजे सपाटीवर बहुतेक वेळ तुम्हीच चालवत असता, ती चढावर हात देते. जोडीदाराचा आणि तुमचा वेग जुळत नसेल किंवा हृदयाच्या आजारामुळे ठोक्यांवर मर्यादा घातलेली असेल तर याहून चांगला उपाय नाही. फक्त उचलून पाहा. काही सायकली जिन्यावरून नेण्याजोग्या नसतात.

उताराची भीती वाटते. पूर्वी कधी वाटली नाही.

मलाही वाटते, आणि ती घालवायचा मी प्रयत्न करत नाही. हँडलचा खालचा भाग धरा, तिथून ब्रेकवर पकड जास्त बसते. वळणात शिरण्याआधी वेग कमी करा, वळणात नाही. नजर चाकावर नको, जिथे जायचं तिथे. खांदे ताठले की सायकल थरथरते, म्हणून मुद्दाम श्वास सोडा.

एखादं मोठं ध्येय ठेवू का?

आवडत असेल तर ब्रेव्हे बघा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी. ही शर्यत नसते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आतबाहेर. तिथे पांढरे केस भरपूर दिसतात. १८९१ मध्ये सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही याच प्रकारातली मानाची फेरी: १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास, चार वर्षांतून एकदा. पहिल्या वर्षी तिचं नाव काढू नका. सलग चार तास बसता येणं हे पहिल्या वर्षाला पुरे.

शेवटचा, जरा बावळट प्रश्न. टांगच टाकता येत नाही. पाय सीटवरून पलीकडे जात नाही.

बावळट अजिबात नाही, फक्त कुणी मोठ्याने विचारत नाही. सायकल आपल्याकडे कलती करा, जवळजवळ पंचेचाळीस अंशांत. सीट गुडघ्याच्या थोडी वर येईल. दोन्ही ब्रेक दाबून धरा, पाय पलीकडे टाका, मग सायकल सरळ करा. उतरताना उलटं. तेही जमत नसेल तर मधली नळी खाली उतरती असलेली फ्रेम घ्या.